पनामा कालव्याआधीची सरकारी सर्वेक्षणं: काय मोजलं आणि काय मोजायचं राहिलं

साखळी_क्रमांक

नमस्कार मंडळी.

पाटबंधाऱ्याच्या कामात ३१ वर्षं गेली. त्यातली पहिली ११ खांद्यावर डम्पी लेव्हल (जमिनीची पातळी मोजायची दुर्बीण) आणि हातात फील्डबुक घेऊन रानोमाळ हिंडण्यात. त्यामुळे कुठल्याही कालव्याबद्दल वाचताना माझं लक्ष आधी एकाच गोष्टीकडे जातं: हा सर्व्हे कोणी केला, कुठल्या महिन्यात केला?

पनामा कालव्याची गोष्ट आपल्याकडे साधारण फ्रेंचांच्या अपयशापासून सुरू होते आणि १९१४ च्या उद्घाटनाला संपते. त्याआधी निरनिराळ्या सरकारांनी जी माणसं त्या जंगलात मोजायला पाठवली, त्यांच्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. हा धागा त्यांच्यासाठी.

१५१३ मध्ये बाल्बोआ पनामाची संयोगभूमी ओलांडून पॅसिफिकपर्यंत पोचला. त्यानंतर २१ वर्षांनी, १५३४ मध्ये, स्पेनचा राजा पाचवा चार्ल्स यानं चाग्रेस नदी आणि पॅसिफिक यांच्यामधली जमीन तपासून कळवा, असा हुकूम काढला. तिथल्या अधिकाऱ्यांचं उत्तर नकारार्थी आलं. पुढची जवळजवळ तीन शतकं चर्चा खूप झाली, मोजमाप थोडंच. १८११ च्या सुमारास हुम्बोल्टनं दोन महासागर जोडण्याच्या नऊ शक्यता मांडल्या. त्यात निकाराग्वाकडे त्याचा कल होता. त्या नावामागे एवढं वजन होतं की पुढची कित्येक वर्षं सगळे त्याचाच आधार घेत राहिले. पण हुम्बोल्टनं पनामाच्या भूमीवर पाऊलच ठेवलं नव्हतं. तिथल्या डोंगरांच्या उंच्या त्यानं ऐकीव माहितीवर धरल्या होत्या आणि त्या खऱ्यापेक्षा बऱ्याच जास्त होत्या.

पनामात समुद्रापासून समुद्रापर्यंत रीतसर लेव्हल नेली ती तिथला तेव्हाचा राज्यकर्ता बोलिवार यानं. १८२७ मध्ये त्यानं जॉन ऑगस्टस लॉइड हा इंग्रज इंजिनिअर आणि फाल्मार्क नावाचा स्वीडिश कॅप्टन यांना या कामावर नेमलं. दोन वर्षं ते तिथे होते. लेव्हल नेणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दुर्बिणीतून पुढे उभा केलेला स्टाफ, म्हणजे मापाच्या खुणांची पट्टी, दिसला पाहिजे. माळरानावर एका दमात शंभर-दीडशे फूट सहज मिळतात. घनदाट जंगलात आधी कोयत्यानं रेषा तोडायची, मग यंत्र लावायचं, वाचन घ्यायचं, पुन्हा रेषा तोडायची. पायाखाली चिखल असला की तिपाई हळूहळू खाली बसत जाते आणि वाचन हलतं. मी हे कोकणात अनुभवलं आहे. तरी आमच्यामागे जीप होती आणि संध्याकाळी डाकबंगला.

अमेरिकेचा पहिला सरकारी प्रयत्न मात्र वाचून वाईट वाटतं. १८३५ मध्ये सिनेटच्या ठरावावरून अध्यक्ष जॅक्सननं चार्ल्स बिडल याला निकाराग्वा आणि पनामा दोन्ही बघायला पाठवलं. हा गृहस्थ निकाराग्वाला गेलाच नाही. पनामा ओझरता पाहून बोगोटाला पोचला आणि तिथल्या सरकारकडून वाहतुकीचा परवाना मिळवला, तोही स्वतःच्या फायद्याचा! अमेरिकी सरकारला हात झटकावे लागले. मोजायला पाठवलेल्या माणसाचा कामात स्वतःचा हिस्सा असला की तो सर्व्हे कागदावरच मरतो.

फ्रेंच सरकारनं १८४३ मध्ये नापोलिऑं गारेला हा खाण-इंजिनिअर पाठवला. त्यानं नीट काम केलं आणि अहवालात लिहिलं की जलपाशांचा (दरवाजांच्या हौदात पाणी भरून-सोडून जहाज वर-खाली नेणारा) कालवा करा आणि माथ्यावर डोंगरातून बोगदा काढा, जहाजं जातील एवढा. लोकांना वाटत होतं की एखादी सोपी, सखल खिंड सापडेल. बोगद्याचं नाव ऐकून सगळा उत्साह मावळला.

आणि मग डेरिएन, म्हणजे संयोगभूमीचा पूर्वेकडचा जंगली भाग. एडवर्ड कलन नावाच्या आयरिश डॉक्टरनं जाहीर केलं की कॅलेडोनिया उपसागरामागे एक वाट आहे, ती आपण स्वतः चाललो आहोत आणि तिची उंची फार तर १५० फूट. लायोनेल गिसबोर्न या इंग्रज इंजिनिअरनं त्याला दुजोरा दिला. त्या भरवशावर जानेवारी १८५४ मध्ये अमेरिकी नौदलाचा लेफ्टनंट आयझॅक स्ट्रेन २७ माणसं आणि थोड्याच दिवसांची शिधासामग्री घेऊन जंगलात शिरला. खिंड नव्हतीच. एकामागून एक डोंगररांगा लागल्या. पुढे चुकुनाके नदी भेटली आणि तिच्याकाठानं गेलो की पॅसिफिक येईल, असं धरून ते चालत राहिले. ती नदी इतकी वळणं घेते की दिवसभर चालून माणूस सरळ रेषेत फारसा पुढे जातच नाही. माणसं ताडाची फळं खाऊन जगली, काही भुकेनं गेली. स्ट्रेन स्वतः पुढे जाऊन मदत घेऊन परत आला तेव्हा त्याचा नुसता सापळा उरला होता. तीन वर्षांनी, पस्तिशी नुकतीच ओलांडलेली असताना, तो वारला.

कोणीतरी न मोजता लिहिलेल्या एका आकड्यापायी ही माणसं गेली. मला ही गोष्ट कधी विसरता येत नाही. आमच्याकडे एका वितरिकेवर बेंचमार्क दीड फुटानं चुकला होता. पाणी शेवटच्या तीन गावांना पोचलंच नाही. माणसं मेली नाहीत, पण त्या गावातल्या म्हाताऱ्यांचे चेहरे अजून डोळ्यांपुढे येतात.

पुढचा भाग, म्हणजे ग्रँटच्या मोहिमा, उद्या लिहितो.

---

मीनल_ठाणे

काका, अप्रतिम! स्ट्रेनबद्दल पहिल्यांदाच वाचलं.

एक बाळबोध शंका. दोन महासागरांची पातळी वेगळी आहे आणि म्हणून पनामाला पाण्याचे दरवाजे लागतात, असं आम्हाला शाळेत सांगितलं होतं. हे खरं का?

---

साखळी_क्रमांक

मीनलताई, शंका बाळबोध मुळीच नाही. या एका प्रश्नानं सुएझचं काम निदान पन्नास वर्षं लांबवलं.

नेपोलियन इजिप्तमध्ये असताना १७९९ मध्ये त्याच्या ल पेर या इंजिनिअरनं सुएझची लेव्हल काढली. युद्धाची धामधूम, पाणी नाही, काम तुकड्यातुकड्यानं झालेलं. निष्कर्ष निघाला की तांबडा समुद्र भूमध्यापेक्षा जवळजवळ १० मीटर उंच आहे. म्हणजे कालवा खणला तर पाणी धो धो वाहत सुटणार. १८४७ मध्ये बुर्दालू या फ्रेंच लेव्हलतज्ज्ञाच्या तुकडीनं पुन्हा मोजलं, तेव्हा कळलं की दोन्ही समुद्र जवळजवळ एकाच पातळीवर आहेत.

पनामात लॉइडला पॅसिफिक काही फूट वर वाटला. सरासरी पातळीतला खरा फरक वीतभर आहे. मोठा फरक भरतीओहोटीत आहे. पॅसिफिकच्या बाजूला पाणी ५-६ मीटर चढतं-उतरतं, अटलांटिकच्या बाजूला अर्धा मीटरही नाही. पण जलपाश बांधले ते त्यासाठी नाहीत. मधला डोंगर समुद्रपातळीपर्यंत खणायचा नाही, जहाजच वर उचलायचं, म्हणून ते बांधले.

---

दर्यावर्दी_७२

इंजिनरूमवाला आहे, पनामा सहा वेळा ओलांडला. काका सांगतात ते अगदी बरोबर. गातूनला तीन पायऱ्यांत जहाज सुमारे २६ मीटर वर जातं, मग तळ्यातून शांतपणे जायचं, मग पेद्रो मिगेलला एक आणि मिराफ्लोरेसला दोन पायऱ्या उतरायच्या. पहिल्या खेपेला मी चीफची परवानगी काढून डेकवर आलो होतो. एवढं जहाज भिंतींच्या मधून अलगद वर चढताना बघून बोलती बंद झाली.

नवीन पोरांना मी नेहमी नकाशा दाखवतो. अटलांटिककडून पॅसिफिककडे जाताना आपण पश्चिमेला जात नाही, आग्नेयेला सरकतो. संयोगभूमी तिथे आडवी पडली आहे.

ग्रँटचा भाग लवकर टाका.

---

साखळी_क्रमांक

टाकतो.

युलिसिस ग्रँट १८६९ मध्ये अध्यक्ष झाला. पनामा त्यानं स्वतः भोगला होता. जुलै १८५२ मध्ये तो साधा लेफ्टनंट होता आणि चौथ्या पायदळाच्या पलटणीला, बायकापोरांसकट, संयोगभूमी ओलांडून न्यायची व्यवस्था त्याच्याकडे होती. रेल्वे अर्धवट झालेली (ती १८५५ मध्ये पुरी झाली). चाग्रेसमधून होड्या, पुढे खेचरं. त्यात कॉलरा आला आणि सुमारे दीडशे माणसं गेली. ज्यानं ती प्रेतं पुरली, त्याला कालव्याचा प्रश्न नकाशावरून सोडवण्यात रस नसणार. आधी मोजा, असं त्याचं म्हणणं होतं.

काम सोपवलं कमोडोर डॅनियल ॲमेनकडे. हा ग्रँटचा लहानपणीचा मित्र. ओहायोत ओढ्यात बुडणाऱ्या ग्रँटला यानंच बाहेर काढलं होतं. १८७० ते १८७५ या काळात नौदलाच्या सात मोहिमा निघाल्या आणि प्रत्येक शक्य वाट एकाच मापानं मोजायची, असं ठरलं. मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वात मोठी वाटते. तोवर प्रत्येक वाटेचा एक कैवारी होता आणि तो आपापले आकडे घेऊन यायचा.

सेल्फ्रिज डेरिएनला गेला. स्ट्रेनची माणसं जिथे मेली त्याच भागात पुन्हा शोध घेतला आणि कलनची खिंड अस्तित्वातच नाही, हे कायमचं नक्की केलं. सान ब्लासची वाट अरुंद निघाली, पण मैलोन् मैल बोगदा मागणारी. शूफेल्ट मेक्सिकोत तेहुआंतेपेकला गेला. तिथला माथा ७५४ फुटांवर, जलपाश लागणार सुमारे १४०. एवढ्या पायऱ्या चढून-उतरून जहाज बाहेर पडणार कधी? कॉलिन्स कोलंबियातल्या अत्रातो-नापिपी नद्यांकडे गेला.

निकाराग्वात आधी हॅटफिल्ड आणि मग लल. ललबरोबर मुख्य इंजिनिअर होता अनिसेतो मेनोकाल, क्यूबात जन्मलेला, अमेरिकेत शिकलेला. या माणसाबद्दल मला फार आदर आहे. निकाराग्वाचं गणित मोहात पाडणारं होतं. मोठं तळं समुद्रापासून सुमारे ३२ मीटर उंचीवर, त्यातून सान हुआन नदी थेट कॅरिबियनला जाते. तळं आणि पॅसिफिक यांच्यामध्ये फक्त १२ मैलांची पट्टी आणि तिच्यातली सर्वात सखल जागा समुद्रापासून सुमारे ४७ मीटर. म्हणजे तळ्याच्या वर जेमतेम १५ मीटर! अलास्कापासून चिलीपर्यंतच्या डोंगरकण्यात इतका नीचा माथा दुसरा नाही. माथ्यावर बारमाही पाण्याचा एवढा साठा म्हणजे कालव्यावर काम केलेल्या माणसाला स्वर्गच.

१८७५ मध्ये याच दोघांनी पनामा मोजला. त्यांनी तिथेही जलपाशांचाच कालवा सुचवला. चाग्रेस आडवी येते, तर तिच्यावरून जलसेतू बांधून कालवा पलीकडे न्यायचा. नदीत कालवा मिसळायचाच नाही.

१८७६ मध्ये आयोगानं, म्हणजे लष्कराचे मुख्य इंजिनिअर हंफ्रीज, किनारा सर्वेक्षणाचे पॅटरसन आणि ॲमेन यांनी, एकमतानं निकाराग्वाची शिफारस केली.

---

प्रश्नचिन्ह

साहेब, लेख आवडला, पण निष्कर्ष पटत नाही. सात मोहिमा, आयोग, एकमत, सगळं निकाराग्वाच्या बाजूनं. आणि कालवा झाला पनामात. मग या अभ्यासांचा उपयोग काय झाला? १९०१ ला पुन्हा आयोगानं निकाराग्वा म्हटलं आणि दोन महिन्यांत पनामा म्हणून पलटी मारली. सिनेटरांना निकाराग्वाची ज्वालामुखीची टपाल तिकिटं वाटून मतं फिरवली. हा राजकारणाचा निकाल आहे, त्याला मोजमापाचा मुलामा कशाला?

---

साखळी_क्रमांक

तुमचा मुद्दा वजनदार आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी १८७९ बघू. पॅरिसमध्ये सुएझ कालवा करणाऱ्या द लेसेप्सनं परिषद बोलावली. ॲमेन आणि मेनोकाल तिथे आपले नकाशे आणि आडवे-उभे छेद घेऊन गेले. त्यांच्यासमोर होते फ्रेंच नौदल अधिकारी वाइज यांचे पनामाचे कागद, जे बऱ्याच अंशी रेल्वेलाइनला धरून केलेले. मेनोकालनं सरळ प्रश्न ठेवला: समुद्रपातळीचा कालवा खणलात तर चाग्रेसचं काय करणार? मातचीनजवळ नदीचा तळच कालव्याच्या पाण्यापेक्षा सुमारे ४२ फूट वर आहे. म्हणजे तुमच्या जहाजांच्या वाटेत एक धबधबा कोसळणार, आणि पुरात तो किती होईल याचा विचार करा.

त्याच परिषदेत गोदँ द लेपिने या फ्रेंच इंजिनिअरनं उत्तरही दिलं. चाग्रेसला अटलांटिकच्या बाजूला धरण घाला, पॅसिफिकच्या बाजूला दुसरं, मध्ये तळं करा आणि जहाजं जलपाशांनी वर न्या. नदी शत्रू न राहता कालव्याचं पाणी होईल. आज जो कालवा आहे तो मूळ कल्पनेत हाच. २९ मे १८७९ ला समुद्रपातळीच्या कालव्यासाठी मतदान झालं: ७४ बाजूनं, ८ विरुद्ध. बरेच जण गैरहजर किंवा तटस्थ राहिले. लेपिनेनं विरुद्ध मत दिलं. त्याचा आराखडा बासनात गेला.

म्हणून मी म्हणतो, अभ्यास कमी पडला नव्हता. तो टेबलावर होता आणि वाचला गेला नाही. १८८९ ला द लेसेप्सची फ्रेंच कंपनी बुडाली तेव्हा कुलेब्राच्या डोंगरातल्या कोसळणाऱ्या दरडी आणि चाग्रेस या दोन्ही गोष्टी जागच्या जागी होत्या.

आता १९०१. तुम्ही म्हणता त्या आयोगाला, म्हणजे वॉकर आयोगाला, अमेरिकन काँग्रेसनं दहा लाख डॉलर दिले होते. निकाराग्वा, पनामा आणि पुन्हा एकदा डेरिएन त्यांनी तपासलं, या खेपेला बोअर घेऊन जमिनीखालचा खडकही. त्यांचे आकडे बघा. निकाराग्वात बांधायचा खर्च १८,९८,६४,०६२ डॉलर. पनामातलं काम पुरं करायचा खर्च १४,४२,३३,३५८ डॉलर. म्हणजे इंजिनिअरिंगच्या दृष्टीनं पनामा पहिल्यापासून स्वस्तच होता. लांबीला तर चौथाईच्या आसपास, आणि जहाजाला १२ तास लागणार, निकाराग्वात ३३. अडलं होतं ते बुडालेल्या कंपनीच्या जागी आलेल्या नव्या फ्रेंच कंपनीनं आपल्या मालमत्तेचे १०,९१,४१,५०० डॉलर मागितले म्हणून. ते धरले की पनामा २५ कोटींवर जातो. कंपनीनं किंमत ४ कोटींवर आणली, बेरीज १८,४२,३३,३५८ झाली, निकाराग्वापेक्षा सुमारे ५६ लाखांनी कमी. जानेवारी १९०२ मध्ये आयोगानं शिफारस बदलली. मोजमाप एका इंचानंही बदललं नव्हतं, फक्त किंमत बदलली. याला मी पलटी म्हणणार नाही.

तिकिटांचं मात्र तुम्ही म्हणता ते खरं. मे १९०२ मध्ये मार्टिनिकमधला माँ पेले फुटला, सेंट पिएर शहर राख झालं. त्या वातावरणात पनामाचा प्रचार करणाऱ्या फ्रेंच इंजिनिअर ब्यूनो-व्हारियानं निकाराग्वातल्या मोमोतोम्बो ज्वालामुखीचं चित्र असलेली तिकिटं सिनेटरांना पाठवली. मोमोतोम्बो कालव्याच्या वाटेपासून खूप लांब आहे, आणि पनामात स्वतः १८८२ मध्ये मोठा भूकंप झाला होता. हा प्रचार मला आवडत नाही. सिनेटमध्ये ४२ विरुद्ध ३४ मतं पडली. त्यातली किती तिकिटांनी फिरली आणि किती आकड्यांनी, हे वेगळं काढता येणार नाही.

---

प्रश्नचिन्ह

किंमत धरायची नसेल तर पनामा आधीपासून स्वस्त होता, हे मला माहीत नव्हतं. हा मुद्दा मान्य. १८७६ च्या शिफारशीबद्दल मात्र प्रश्न उरतोच. तेव्हा फ्रेंच कंपनी नव्हती, तरी पनामा नाकारला.

---

साखळी_क्रमांक

बरोबर पकडलंत. इथे मला त्या सर्व्हेतली खरी उणीव दिसते.

ही मंडळी मुख्यतः कोरड्या हंगामात, जानेवारी ते एप्रिलमध्ये मोजायची. साहजिक आहे, आपणही पावसाळ्यात लेव्हल लावत नाही. पण पनामात पाऊस मेपासून डिसेंबरपर्यंत असतो, अटलांटिकच्या बाजूला कोकणाइतका, फक्त आठ महिने पसरलेला. नदी त्यांनी उतरलेली पाहिली. पुराची उंची झाडांवरच्या खुणा आणि गावकऱ्यांच्या तोंडी माहितीवरून घेतली. त्यावरून चाग्रेस भयंकर आहे हे कळलं, पण वर्षभरात ती एकूण किती पाणी आणते हे कळलं नाही. भीती कळली, आवक कळली नाही. त्यामुळे ललनं तिच्यावरून उडी मारायचा जलसेतू काढला. तिलाच अडवून तळं करता येईल, हे म्हणायला वर्षानुवर्षांचं पाणीमापन लागतं. ते पुढे फ्रेंचांनी सुरू केलं आणि वॉकर आयोगाला ते आयतं मिळालं.

धरणाचा आराखडा करणारा कोणीही सांगेल: जमिनीची पातळी एका हंगामात मिळते, नदी समजायला निदान वीस पावसाळे जातात.

---

डॉ_अनुजा

वाचतेय. एक भर घालते.

मोजायचं राहिलेलं आणखी एक म्हणजे आजार. पण तिथे मी त्या लोकांना दोष देणार नाही. १८७० च्या दशकात हिवताप दूषित हवेनं होतो, असंच जगभर मानत होते. क्यूबात कार्लोस फिनलेनं पिवळ्या तापाचा संबंध डासाशी जोडला तो १८८१ मध्ये, आणि त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. रोनाल्ड रॉसला ॲनोफिलिस डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला तो २० ऑगस्ट १८९७ ला, आपल्या सिकंदराबादेत. वॉल्टर रीडच्या तुकडीनं पिवळ्या तापाचं सिद्ध केलं १९०० मध्ये. फ्रेंचांच्या वेळी २० हजारांच्या वर माणसं गेली, असा अंदाज आहे. अमेरिकी लष्करी डॉक्टर गॉर्गसनं १९०४ मध्ये पनामात काम हातात घेतलं तेव्हा हे ज्ञान जेमतेम सात वर्षांचं होतं. रॉस त्याच वर्षी तिथे जाऊन आला.

फ्रेंचांच्या रुग्णालयात मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवत. डास तिथेच वाढत होते. हे वाचताना दर वेळी अंगावर काटा येतो.

---

साखळी_क्रमांक

डॉक्टर, धन्यवाद. मोजायला गेलेले स्वतःही तापानं आडवे पडत होते आणि तसेच उठून रेषा तोडत होते. ज्यांनी प्रत्यक्ष कोयते चालवले त्या स्थानिक माणसांची नावं तर अहवालांत क्वचितच येतात. आमच्या फील्डबुकातही खलाशांची नावं नसायची. मी शेवटच्या काही वर्षांत पहिल्या पानावर लिहायला लागलो होतो.

---

मीनल_ठाणे

काका, म्हणजे १९०२ नंतर तरी समुद्रपातळीचा हट्ट सुटला का?

---

साखळी_क्रमांक

नाही ना! १९०५-०६ मध्ये सल्लागार इंजिनिअरांचं मंडळ नेमलं, त्यात युरोपातलेही तज्ज्ञ होते. आठ विरुद्ध पाच मतांनी त्यांनी समुद्रपातळीचाच कालवा सुचवला. फ्रेंचांचं सगळं डोळ्यांपुढे असूनही. अल्पमतातल्या पाच जणांनी जलपाश आणि गातूनचं धरण मांडलं. मुख्य इंजिनिअर स्टीव्हन्सनं चाग्रेसचा पूर स्वतः पाहिला होता, तो त्या पाचांच्या मागे उभा राहिला, अध्यक्ष रूझवेल्टही. जून १९०६ मध्ये सिनेटमध्ये ३६ विरुद्ध ३१ मतांनी जलपाशांचा कालवा मंजूर झाला. तीन मतं इकडची तिकडे झाली असती तर आज ते तळं नसतं.

---

दर्यावर्दी_७२

ते तळं संपून कुलेब्राची खणलेली खिंड सुरू होते तिथे डाव्या हाताला गांबोआ लागतं. एक पूल दिसतो आणि त्याच्याखालून एक साधीशी नदी कालव्याला येऊन मिळते. तीच चाग्रेस. वर १९३५ पासून मॅडन धरण आहे, त्यामुळे आता ती शांत असते. सहा वेळा गेलो, तिच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. नोव्हेंबरात पुन्हा जायचं आहे, ऐन पावसात. वॉच नसला तर डेकवर येऊन पाणी कुठल्या रंगाचं आहे ते इथे लिहितो.